शाळेच्या पैशांचा हिशोब मागणारे पालक

अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मूल शिकत असेल, तर शाळा सुरू होताना पालकांच्या हातात कागदांचा एक गठ्ठा पडतो. हल्ली त्यातले बरेचसे कागद फोनवर येतात. शाळेला गरीब मुलांसाठी केंद्राची मदत मिळते का, त्या पैशातून कोणाला जादा शिकवणी मिळणार, दुपारच्या जेवणाची सवलत कशी घ्यायची, इंग्रजी कच्चे असलेल्या मुलासाठी काय सोय आहे, अपंग मुलाची तपासणी कोणाकडे मागायची, अंदाजपत्रकावरची सभा कधी आहे, अशी सगळी माहिती त्यात असते. तिकडे राहणारे आपले मराठी लोकही हे कागद दरवर्षी पाहतात. बहुतेक जण ते चाळतात आणि ठेवून देतात.

मला या कागदांचे कुतूहल वाटले ते एका साध्या प्रश्नामुळे. कोणतेही सरकारी खाते आपणहून आपला हिशोब कोणाला देत नाही. मग तिथली शाळा पालकांना पत्र पाठवून पैशांची माहिती का देते? वाचत गेलो तसे लक्षात आले की, या गठ्ठ्यातल्या अनेक कागदांमागे एखादा मोर्चा, एखादा खटला किंवा सरकारला झोंबलेला एखादा अहवाल आहे. आणि हिशोब मागणारे लोक बहुतांशी गरीब होते. कोणी मेक्सिकन वंशाचे, कोणी काळे, कोणी चिनी. ही त्यांची हकीकत आहे.

शाळेला पैसा कुठून येतो?

आधी तिथली व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. तो राज्यांचा विषय आहे आणि बहुतेक राज्यांनी तो स्थानिक पातळीवर सोपवला आहे. त्यासाठी ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ नावाची स्वतंत्र संस्था असते. डिस्ट्रिक्ट म्हटले की आपल्याला जिल्हा आठवतो, पण हा तसा जिल्हा नव्हे. एकाच शहरात असे पाच-सात डिस्ट्रिक्ट असू शकतात. देशभरात अशा सुमारे तेरा हजार संस्था आहेत. बहुतेक ठिकाणी त्यांचे मंडळ लोक निवडून देतात. हे मंडळ शिक्षक नेमते, इमारती बांधते आणि शाळा चालवण्यासाठी घरादारांवर कर बसवते.

आपल्याकडे महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावर ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ असते. ती रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते. तिकडे शाळेचा कर मुख्यतः ज्या भागातून गोळा झाला त्याच भागातल्या शाळांवर खर्च होतो. राज्य सरकार त्यात आपली भर घालते आणि केंद्राचा वाटा त्या मानाने लहान असतो.

या व्यवस्थेत लोकांचा सहभाग आहे, तशी एक मेखही आहे. ज्या भागात बंगले आणि कारखाने आहेत, तिथे थोड्या करातून भरपूर पैसा उभा राहतो. मजुरांच्या वस्तीने दुप्पट कर लावला तरी हाती फारसे काही येत नाही. म्हणजे मुलाच्या शाळेत किती पुस्तके असावीत, हे शेजाऱ्यांच्या घरांच्या किमतीवर ठरते.

शाळांची माहिती लोकांपुढे ठेवण्याची परंपरा तिथे जुनी आहे. १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात शिक्षण मंडळ स्थापन झाले. त्याचे पहिले सचिव होरेस मान यांनी बारा वार्षिक अहवाल लिहिले. कोणते गाव एका मुलामागे किती खर्च करते, याचे क्रमवार तक्तेही ते छापत. यादीत खाली असलेल्या गावांना लाज वाटावी हा त्यामागचा हेतू होता. पण या माहितीवरून एखाद्या गरीब बापाने सरकारलाच जाब विचारावा, ही गोष्ट पुढे सव्वाशे वर्षांनी घडली.

२६ डॉलर आणि ३३३ डॉलर

टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात तेव्हा सात स्कूल डिस्ट्रिक्ट होते. त्यातला एजवूड हा शहराच्या गरीब भागातला. तिथल्या २५ शाळांत सुमारे २२ हजार मुले होती. त्यातली ९० टक्के मेक्सिकन वंशाची आणि सहा टक्क्यांहून अधिक काळी. १६ मे १९६८ रोजी एजवूड हायस्कूलचे सुमारे ४०० विद्यार्थी वर्गाबाहेर पडले आणि डिस्ट्रिक्टच्या कचेरीवर चालून गेले. तक्रारी साध्या होत्या. इमारत मोडकळीस आली आहे, पुस्तके आणि साहित्य अपुरे आहे, पात्रता असलेले शिक्षक कमी आहेत.

मुलांमागोमाग पालक जागे झाले. त्यात डेमेट्रिओ रॉड्रिगेझ नावाचा कामगार होता. दुसऱ्या महायुद्धात नौदलात काम केलेला आणि नंतर केली हवाई तळावर पत्राकाम करणारा. त्याची मुले एजवूडच्या प्राथमिक शाळेत होती. या पालकांचा पहिला संशय स्थानिक अधिकाऱ्यांवर होता. आपण एवढा कर भरतो, तरी शाळेची ही दशा आहे, त्या अर्थी मधल्या मधे कोणीतरी पैसा खात असेल किंवा उधळत असेल. आपल्याकडच्या पालकांनाही आधी हाच संशय येतो.

ते आर्थर गॉकमन या वकिलाकडे गेले. गॉकमन यांनी आकडे तपासले आणि पालकांना सांगितले की, दुखणे डिस्ट्रिक्टच्या कारभारात नाही. एजवूडकडे पैसा येतच नाही आणि तो न येण्याची व्यवस्था राज्याच्या कायद्यातच करून ठेवली आहे.

हे आकडे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदले गेले, म्हणून ते आज आपल्याला वाचायला मिळतात. १९६७-६८ या वर्षी एजवूडच्या लोकांनी दर १०० डॉलर मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर भरला. शहर परिसरात हा दर सर्वांत जास्त होता. त्यातून राज्याच्या किमान योजनेतला वाटा देऊन झाल्यावर प्रत्येक मुलामागे उरले २६ डॉलर. त्याच शहरातला अलामो हाइट्स हा धनिकांचा डिस्ट्रिक्ट. तिथे कराचा दर ०.८५ डॉलर, म्हणजे एजवूडपेक्षा कमी. तरीही हाती आले मुलामागे ३३३ डॉलर. कारण एजवूडमध्ये एका विद्यार्थ्यामागे ५,९६० डॉलरची मालमत्ता होती आणि अलामो हाइट्समध्ये ४९ हजारांहून अधिक.

ही दरी राज्याने भरून काढायला हवी होती. राज्याच्या योजनेतून एजवूडच्या मुलाला मिळाले २२२ डॉलर आणि अलामो हाइट्सच्या मुलाला २२५ डॉलर. गरिबाला मदत म्हणून आखलेली योजना श्रीमंताला तीन डॉलर जास्त देत होती. केंद्राची मदत धरून एजवूडमध्ये एका मुलावर ३५६ डॉलर खर्च झाले आणि अलामो हाइट्समध्ये ५९४.

जास्त कर भरूनही कमी शाळा. हा प्रकार एजवूडच्या लोकांना इतकी वर्षे माहीत नव्हता, कारण त्यांना फक्त आपल्या डिस्ट्रिक्टचा कर आणि आपल्या शाळेची भिंत दिसत होती. शेजारच्या डिस्ट्रिक्टचा आकडा आपल्या आकड्याशेजारी ठेवला तेव्हाच त्यांना गणित कळले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा पहिला धडा आहे. एकट्या शाळेचा हिशोब पालकाला फारसे काही सांगत नाही. तो दुसऱ्या शाळेच्या हिशोबाशी ताडून पाहता आला पाहिजे.

हरलेला खटला

जुलै १९६८ मध्ये पालकांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला. सुरुवातीला शहरातले सातही डिस्ट्रिक्ट प्रतिवादी होते. न्यायालयाने त्यांना वगळले आणि खटला राज्याविरुद्ध उरला. गंमत अशी की, ज्या सॅन अँटोनियो डिस्ट्रिक्टचे नाव या खटल्याला कायमचे चिकटले, त्यानेच पुढे पालकांची बाजू उचलून धरणारे निवेदन सर्वोच्च न्यायालयात दिले. आकडे समोर आल्यावर पालक आणि स्थानिक शाळा एका बाजूला आले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

डिसेंबर १९७१ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. राज्य सरकार वर गेले. २१ मार्च १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांनी लिहिला. ते स्वतः पूर्वी रिचमंड शहराच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते. शिक्षण महत्त्वाचे असले तरी केंद्राच्या राज्यघटनेने ते मूलभूत हक्क म्हणून दिलेले नाही, एजवूडच्या मुलांना शिक्षण अजिबात मिळत नाही असेही नाही आणि ही व्यवस्था बदलायची तर ती राज्यांच्या विधिमंडळांनी बदलावी, असा त्याचा आशय. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी दीर्घ भिन्नमतपत्र लिहिले. १९५४ च्या ज्या गाजलेल्या खटल्याने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्यात वकील म्हणून मार्शल उभे होते. समान शिक्षणाच्या त्या वचनापासून देश मागे फिरतो आहे, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले.

खटला हरला, पण आकडे निकालपत्रात राहिले. ते पुसता येण्यासारखे नव्हते. १९८४ मध्ये एजवूडने पुन्हा दावा लावला, या वेळी टेक्सासच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे राज्याच्या न्यायालयात. रॉड्रिगेझ याही वेळी दावेदारांत होता. २ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी पालकांच्या बाजूने कौल दिला. तोपर्यंत दरी आणखी रुंदावली होती. राज्यातल्या सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टमध्ये विद्यार्थ्यामागे असलेल्या मालमत्तेचे प्रमाण ७०० ला १ इतके झाले होते. सर्वांत श्रीमंत १०० डिस्ट्रिक्ट सरासरी ४७ सेंट कर लावून मुलामागे ७,२३३ डॉलर खर्च करत होते आणि सर्वांत गरीब १०० डिस्ट्रिक्ट ७४.५ सेंट कर लावून २,९७८ डॉलर. त्यानंतर १९९३ मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टच्या करातला काही भाग गरिबांकडे वळवणारा कायदा आला. लोकांनी त्याला ‘रॉबिन हूड’ हे नाव दिले.

१९६८ ते १९८९ म्हणजे एकवीस वर्षे. ज्या मुलांसाठी बापाने दावा लावला ती शाळा सोडून केव्हाच मोठी झाली होती. न्याय मिळाला तो दुसऱ्यांच्या मुलांना.

दिलेला पैसा कुठे गेला?

एजवूडचा प्रश्न न येणाऱ्या पैशाचा होता. दुसरा प्रश्न आलेल्या पैशाचा आहे.

११ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. टेक्सासमधल्या आपल्या गावाजवळच्या एकखोली शाळेपुढे, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून. तरुणपणी जॉन्सन यांनी कोटुला गावात मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवले होते. गरिबी त्यांनी वर्गात पाहिली होती. या कायद्याच्या पहिल्या प्रकरणानुसार, ज्याला तिकडे ‘टायटल वन’ म्हणतात, गरीब वस्त्यांतल्या शाळांना पहिल्याच वर्षी सुमारे एक अब्ज डॉलर द्यायचे ठरले.

संसदेत सिनेटर रॉबर्ट केनेडी यांना एक शंका होती. ज्या शाळांनी आजवर गरीब मुलांकडे लक्ष दिले नाही, त्यांच्याच हाती पैसा दिला तर तो मुलांपर्यंत पोहोचेल कशावरून? निदान काय परिणाम झाला ते मोजा आणि पालकांना कळू द्या, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून मूल्यमापनाची अट कायद्यात आली.

शंका खरी ठरली. १९६९ च्या अखेरीस रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्लूर या दोन स्त्रियांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तो करून घेतला होता. हा पैसा गरीब मुलांना खरोखर मदत करतो आहे का, हाच प्रश्न त्याच्या शीर्षकात होता. त्यांनी सरकारी लेखापरीक्षणाचेच कागद वाचले होते. गरीब मुलांच्या नावाने आलेला पैसा अनेक डिस्ट्रिक्टनी सरसकट सगळ्या शाळांच्या नेहमीच्या खर्चात जिरवला होता. कुठे इमारती, कुठे यंत्रसामग्री, तर कुठे चक्क पोहण्याचे तलाव. ज्यांच्या मुलांसाठी पैसा आला त्या पालकांनी माहिती मागितली, तर ती नाकारली जात होती.

पुढच्याच वर्षी कायदा कडक झाला. केंद्राचा पैसा स्थानिक पैशाची भर म्हणून वापरायचा, त्याच्या जागी नाही, आणि ही मदत मिळण्याआधीच गरीब शाळांना इतर शाळांच्या बरोबरीचा स्थानिक पैसा मिळालेला असला पाहिजे, अशा अटी आल्या. १९७४ मध्ये प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये आणि मदत घेणाऱ्या शाळांमध्ये पालक सल्लागार समिती सक्तीची झाली. १९७८ मध्ये त्यापुढची पायरी आली. समितीचे सदस्य पालकांनी निवडायचे, त्यांना कायद्याच्या आणि नियमांच्या प्रती फुकट द्यायच्या आणि त्या समजाव्यात म्हणून प्रशिक्षण द्यायचे. ही शेवटची तरतूद मला फार मोलाची वाटते. हातात कागद देणे आणि तो वाचायला शिकवणे यांत फरक आहे, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते.

तीनच वर्षांत वारे फिरले. १९८१ मध्ये रेगन सरकारच्या काळात नियम सुटसुटीत करण्याच्या नावाखाली या समित्यांची सक्ती काढून टाकली गेली. पालकांचा ‘सल्ला घ्यावा’ एवढेच उरले. पुढे १९८८ आणि १९९४ च्या दुरुस्त्यांनी पालकांचा सहभाग पुन्हा कायद्यात आणला, परंतु निवडून आलेल्या समितीचे ते जुने वजन परत आले नाही. मिळालेला हक्क एका दुरुस्तीने जाऊ शकतो, याचे हे उदाहरण.

कोणत्या भाषेत सांगणार?

तिसरा प्रश्न भाषेचा. २५ मे १९७० रोजी केंद्राच्या नागरी हक्क कार्यालयाने देशातल्या डिस्ट्रिक्टना एक छोटे परिपत्रक पाठवले. त्यात एक मुद्दा असा होता की, शाळेतल्या ज्या गोष्टी इतर पालकांना कळवल्या जातात, त्या भाषिक अल्पसंख्य पालकांनाही नीट कळवणे ही शाळेची जबाबदारी आहे. आणि नीट कळवायचे तर ते इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत कळवावे लागू शकते.

या छोट्याशा मुद्द्याचे वजन चार वर्षांनी दिसले. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत चिनी वंशाच्या सुमारे १,८०० मुलांना इंग्रजी येत नव्हते आणि त्यांना कसलीही जादा मदत मिळत नव्हती. शाळेचे म्हणणे असे की, सर्वांना तेच शिक्षक, तीच पुस्तके, मग भेदभाव कुठे आहे? २१ जानेवारी १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, ज्या मुलाला भाषाच कळत नाही, त्याला तेच पुस्तक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. निकालाला आधार होता १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आणि सोबत त्या १९७० च्या परिपत्रकाचा.

पुढच्या वर्षी अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा आला. देशात ऐंशी लाखांहून अधिक अपंग मुले आहेत आणि त्यातली सुमारे दहा लाख सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, अशी नोंद त्या कायद्यातच आहे. मुलाबाबत कोणताही बदल करण्याआधी शाळेने पालकांना लेखी सूचना द्यायची आणि शक्य असेल तिथे ती त्यांच्या मातृभाषेत द्यायची, हे त्यात लिहिले गेले. कॅलिफोर्नियात आजचा नियम असा आहे की, शाळेतल्या १५ टक्के मुलांच्या घरी एखादी भाषा बोलली जात असेल, तर पालकांना पाठवायच्या सूचना त्या भाषेतही द्याव्या लागतात. मिशिगनमधल्या डिअरबॉर्न शहरात अरब कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तिथल्या शाळा पालकांशी इंग्रजीबरोबर अरबीतही बोलतात. हे त्या शाळांचे सौजन्य असेलच, पण त्यामागे कायदाही आहे.

माहितीचा पूर

या शतकात माहितीचे प्रमाण खूप वाढले. जानेवारी २००२ च्या कायद्याने शाळांची प्रगतिपत्रके प्रसिद्ध करणे सक्तीचे केले. डिसेंबर २०१५ च्या कायद्याने त्यात प्रत्येक शाळेत मुलामागे किती खर्च होतो हा आकडाही घातला. होरेस मान यांनी गावागावांचे तक्ते छापले होते, आता शाळाशाळांचे तक्ते आले. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाने गरीब, इंग्रजी शिकणाऱ्या आणि निराधार मुलांमागे जादा पैसे देण्याचे सूत्र स्वीकारले आणि ते कसे खर्च करणार याचा आराखडा पालकांपुढे ठेवण्याची अट घातली. कोरोनानंतर मार्च २०२१ मध्ये केंद्राने शाळांसाठी सुमारे १२२ अब्ज डॉलर दिले. तेव्हाही डिस्ट्रिक्टने आपली योजना पालकांना समजेल अशा भाषेत जाहीर करावी, अशी अट होती.

तरी सगळे आलबेल झाले असे मुळीच नाही. कॅलिफोर्नियातले काही आराखडे शेकडो पानांचे होतात आणि दिवसभर काम करून आलेल्या आईने ते वाचावेत ही अपेक्षा फोल आहे. न सांगण्याचा एक मार्ग गप्प बसण्याचा असतो, दुसरा मार्ग न कळेल इतके सांगण्याचा. आणि आकडे समोर असले तरी श्रीमंत आणि गरीब वस्त्यांच्या शाळांतली दरी तिथे आजही आहे.

आपला आरसा

हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याचा गाभा हाच होता. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, मग रयतेच्या मुलांच्या वाट्याला काय? एजवूडच्या पालकांच्या ८६ वर्षे आधी पुण्यातल्या एका माणसाने पैसा कोणाचा आणि शाळा कोणाची, हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवले होते.

आज आपल्याकडे कायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळते. शाळेला मिळालेल्या अनुदानाचा वापर कसा होतो, यावर लक्ष ठेवणे हे तिचे कायदेशीर काम आहे. कागदावर हा अधिकार अमेरिकेतल्या १९७८ च्या समित्यांच्या तोडीचा आहे.

प्रत्यक्षात काय होते? एका शाळेत पालक म्हणून मी अशा सभेला बसलो आहे. इतिवृत्ताची वही फिरली, सह्या झाल्या, चहा आला. अनुदान किती आले हे एका बाईंनी विचारले, तेव्हा ‘ते ऑनलाइन असते’ असे उत्तर मिळाले. बाईंकडे साधा फोन होता. त्यांनी पुन्हा विचारले नाही. खोटे कोणी बोलले नव्हते, आणि तरीही बाईंना काहीच कळले नव्हते.

भाषेचा प्रश्नही तसाच आहे. शासन निर्णय मराठीत निघतो आणि ते योग्यच आहे. पण मूल उर्दू माध्यमात असलेली आणि स्वतः उर्दूच वाचणारी आई, गडचिरोलीत माडिया बोलणारा बाप, नंदुरबारमध्ये भिली बोलणारी आजी, यांच्यापर्यंत शिष्यवृत्तीची मुदत आणि गणवेशाचे पैसे यांची बातमी कशी पोहोचते? बहुतेकदा कोणीतरी सांगितले म्हणून. ज्याला सांगणारे कोणी नाही त्याची मुदत निघून जाते. माहिती नीट कळवायची तर दुसऱ्या भाषेत कळवावी लागू शकते, हा १९७० च्या परिपत्रकातला मुद्दा आपल्या शाळांनाही तंतोतंत लागू पडतो.

तेव्हा पुढच्या सभेत सहीसाठी वही पुढे येईल, त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. या वर्षी शाळेला कोणत्या नावाने किती पैसे आले आणि कशावर खर्च झाले? शेजारच्या शाळेला किती आले? आणि हे सगळे ज्या पालकांना मराठी वाचता येत नाही त्यांना कोण सांगणार आहे? उत्तर मिळाले तर ते फळ्यावर लिहायला सांगावे आणि निदान आठवडाभर पुसू देऊ नये. उत्तर मिळाले नाही, तर आपण प्रश्न विचारल्याची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी आणि मगच सही करावी. एजवूडचे पालक न्यायालयात हरले तरी त्यांचे आकडे निकालपत्रात राहिले आणि पुढच्या लढाईला उपयोगी पडले. आपल्या वहीतला प्रश्नही असाच पुढच्या पालकांच्या उपयोगी पडेल.